वाहतुकीसाठी बंद

आमच्या खात्यात बोर्डाचा मजकूर ठरलेला असतो. ‘सदर पूल वाहतुकीसाठी धोकादायक असल्याने वाहतुकीसाठी बंद करण्यात आला आहे. आदेशावरून.’ एका वाक्यात वाहतूक दोनदा येते, पण ते आजवर कुणाला खटकलेलं नाही. पेंटरला किती बोर्ड हवेत एवढंच सांगायचं, मजकूर तो विचारतही नाही. मीही त्या शब्दांचा कधी विचार केला नव्हता. माझ्या माहेरच्या साकवाच्या तोंडाशी तो बोर्ड लागेपर्यंत तरी नाही.

मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. लोक जेई म्हणतात, जवळचे लोक चिडवायला म्याडम म्हणतात. कुठलं ऑफिस ते सांगत नाही, सांगून फारसा फरकही पडणार नाही. रस्ते बांधणाऱ्या ऑफिससमोरचाच रस्ता उखडलेला असतो, एवढी खूण पुरे. नोकरी सगळी शहापूर आणि मुरबाड याच दोन तालुक्यांत गेली. माहेरही याच पट्ट्यातलं, किन्हवलीहून सरळगावला जाताना मधेच आत वळावं लागतं. नदीच्या अलीकडे गाव, शाळा, एसटीचा थांबा, दवाखाना. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आमचा पाडा. मधे साकव.

साकव म्हणजे पायी जाण्यापुरता अरुंद पूल. पूर्वी झाडाचे ओंडके टाकून करत, आता सिमेंटचे खांब आणि वर स्लॅब, पण नाव तेच राहिलं. आमच्या कागदांत साकव वेगळा आणि पूल वेगळा. बोर्डाच्या मजकुरात मात्र फक्त पूल आहे. ज्याने तो मजकूर ठरवला त्याच्यावर साकवावरून चालायची वेळ आली नसावी.

दुसऱ्या कुठल्यातरी जिल्ह्यात एक पूल पडला, टीव्हीवर दिवसभर तेच दाखवलं, आणि वरून आदेश सुटला की आपापल्या भागातले सगळे जुने पूल आणि साकव तपासा. उन्हाळ्याचे दिवस होते. माझ्या वाट्याला जे आले त्यात आमचा साकवही होता. तपासणी म्हणजे काही फार मोठं शास्त्र नसतं. हातोडीने ठोकायचं, आवाज ऐकायचा, सळया कुठे उघड्या पडल्यात ते बघायचं, आणि खांबांच्या पायथ्याशी वाकायचं. वाकायचं काम बरेच जण टाळतात, कारण तिथे चिखल असतो आणि आपली शौचाला जायची जागाही लोकांनी तिथेच ठरवलेली असते.

नदी कोरडी होती, फक्त मधल्या खांबाभोवती डबकं उरलं होतं. पाड्यातल्या दोन बाया तिथे साड्या खोचून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढत होत्या. त्यातली एक माझी चुलत वहिनी. मला बघून ती हसली आणि म्हणाली की अख्ख्या नदीत इथल्या चिंबोऱ्या सगळ्यात मोठ्या, खांबाखाली घर आहे त्यांचं. मी विचारलं, केवढं घर. तिने खांद्यापर्यंत हात आत घालून दाखवला. मग मी चपला काढल्या, डबक्यात उतरले आणि माझा हात घातला. तोही खांद्यापर्यंत गेला. खांब ज्या दगडावर टेकायला हवा होता, त्या जागी माझा हात होता. बोटांना पलीकडेही काही लागत नव्हतं. वहिनी विचारत होती, मिळाली का. मी म्हटलं, मिळाली.

पाया खालून वाहून गेला होता, आणि वर्षानुवर्षं आमच्या पाड्याला त्याचा फायदाच दिसत होता. मी अहवालात साकव धोकादायक असं लिहिलं. आमच्या डेप्युटी साहेबांनी, म्हणजे उपअभियंत्यांनी, सही केली. आठवड्याभरात तो बोर्ड लागला आणि गुडघ्याएवढी दगडांची भिंत घातली गेली. मला वाटलं, झालं आपलं काम.

पाऊस लागला, नदी भरली, आणि मी आईकडे म्हणून गेले तर साकवावरून लोकांची ये-जा अगदी नेहमीसारखी चाललेली. भिंतीच्या दोन्ही बाजूंना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून पायऱ्या केल्या होत्या, म्हाताऱ्यांना चढायला त्रास नको म्हणून. बोर्ड तसाच होता. कुणी वाकवला नव्हता की खरवडला नव्हता. एकाने तर त्याला ताडपत्रीचा तुकडा बांधला होता, अक्षरं धुऊन जाऊ नयेत म्हणून.

माझे चुलत काका गावात शहाणे समजले जातात. सगळ्या सरकारी कागदांचे अर्थ तेच लावतात. मी त्यांना गाठून विचारलं की बोर्ड वाचता येत नाही का. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी मला हाताला धरून बोर्डासमोर नेलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत समजावलं.

“काय लिवलंय? वाहतूक बंद. वाहतूक म्हंजे काय गो? गाडी, ट्रॅक्टर, टेंपो. आमी वाहतूक हाव काय? आमी मानसं हाव. चालत जातो.”

मी म्हटलं की साकवावरून टेंपो जातच नाही, तर बोर्ड टेंपोसाठी कशाला लावतील. त्यावर काका म्हणाले की जे जातच नाही त्यावरही सरकार बंदी घालतं, त्यात नवीन काय. आणि गावाने बंदी तंतोतंत पाळली होती, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ज्यांच्याकडे मोटारसायकली होत्या ते सगळे अलीकडच्या जांभळीखाली गाड्या उभ्या करून चालत जात. एखाद्याला अगदीच गाडी घरी न्यायची असेल तर तो इंजिन बंद करून, दोघातिघांच्या मदतीने भिंतीवरून उचलून, ढकलत नेई. बंद गाडी म्हणजे वाहतूक नव्हे, असा निवाडा झाला होता. मला हसावं की ओरडावं कळेना. मी ओरडले. काका म्हणाले, “बाय, तू लिवलंयस तेवढं आमी पालतो. लिवलं नाय ते कसं पालू?”

दुसऱ्या दिवशी मी डेप्युटी साहेबांना सांगितलं की बोर्डावर ‘यावरून चालत जाऊ नये’ असं लिहायला हवं. साहेब निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. ते कुणाला तोडून बोलत नसत. म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण मजकूर वरून ठरून येतो. उद्या काही झालं तर चौकशीत विचारतील, हा मजकूर कुणाच्या परवानगीने बदलला. तुमची नोकरी जाईल. आता त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मग मी पदरमोड करून पेंटरकडून एक वेगळा बोर्ड करून घेतला, ‘चालू नये’ असा. तो लागल्यावर दोन दिवसांतच कुणीतरी काढला आणि गोठ्याच्या छपराला लावला. खात्याचा शिक्का नाही म्हणून तो खरा नाही, असं काकांनी सांगितलं होतं म्हणे.

पण माझा जीव गावासाठी जितका खाली-वर होत होता त्याहून जास्त आईसाठी होत होता, हे कबूल करायला मला लाज नाही. आई त्याच साकवावरून रोज शाळेत जायची. शाळेत मुलांची खिचडी शिजवणं हे तिचं काम. वडील गेल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती, अंगणातसुद्धा येऊन बसत नसे. मुख्याध्यापकांनी हे काम दिलं आणि तिने पुन्हा केस विंचरायला सुरुवात केली. ती केवढ्या तोऱ्यात सकाळी साकव ओलांडायची ते बघण्यासारखं होतं. कुठल्या मुलाला मटकी नको, कोण दोनदा वाढून घेतं, कोण डबा आणून धाकट्या भावासाठी नेतं, हे सगळं तिला पाठ. मुलं तिला आजी म्हणत आणि ती त्यांच्या तक्रारी माझ्याकडे करी, जणू मी शिक्षणमंत्री. साकवाखेरीज शाळेत जायचं तर वरच्या अंगाला मोठ्या रस्त्याच्या पुलावरून वळसा घालून, दोन गावं ओलांडून जायचं. जीप मिळाली तर ठीक. नाहीतर शाळेत पोहोचेपर्यंत मुलांची जेवायची वेळ टळून जायची.

मी तिला सांगायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं. खांबाखालची पोकळी, हात कुठपर्यंत गेला ते, वरून पाणी आलं की काय होतं ते. तिने मान वर केली नाही. मग एकच विचारलं.

“ह्ये तू सांगतेस का तुझं हापिस सांगतंय?”

“मी सांगते.”

“मग ऱ्हायलं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती साकवावर गेली नाही. सुरुवातीला वळशाने जाऊन बघितलं. कधी जीप मिळे, कधी नाही. पोरं उपाशी बसतात म्हणून पालक बोलू लागले. मुख्याध्यापकांचाही नाइलाज झाला. त्यांनी अलीकडच्या गावातली एक बाई लावली. आईने तक्रार केली नाही. शाळेत नेसायच्या दोन चांगल्या साड्या होत्या त्या तिने धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवल्या. मी बघत होते. तिने भांडावं असं मला तेव्हा वाटत होतं.

त्या पावसाळ्यात माझ्या बाबतीत एक गोष्ट झाली ती लिहिते, कारण तिच्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. साकव पडावा असं मला वाटू लागलं. आधी ते मनाच्या मागे कुठेतरी होतं. मग सरळ इच्छाच झाली. कुणी वर नसताना, भर दुपारी, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत तो पडायला हवा होता. काकांच्या डोळ्यांदेखत तर नक्कीच. भातसानगरच्या बाजूला धो धो कोसळतोय असं कळलं की ऑफिसात बाकीच्यांना घरी कसं जायचं याची चिंता लागे आणि मी नदीकडे जायचं निमित्त शोधत बसे. एकदा गेले तेव्हा पाणी स्लॅबला लागून वाहत होतं. लाल, घट्ट पाणी, मधे उपटलेली झुडपं. मधल्या खांबाला पाणी आदळून वर उसळत होतं. मी छत्री धरून उभी राहिले. साकवावर कुणी नाही हे दोनदा बघून घेतलं आणि मनात म्हटलं, आता. बाजूला काका कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

“म्याडम, वाट बघताव काय?” त्यांनी विचारलं.

पाणी ओसरलं. साकव उभा राहिला. पाड्यातला एकजण डोक्यावर खताची गोणी घेऊन माझ्या समोरून पलीकडे गेला आणि मधोमध थांबून, मुद्दाम, टाच आपटून गेला. दोन्ही काठांवरचे लोक हसले. त्या पावसाळ्यात असे कितीतरी पूर आले आणि साकव प्रत्येकातून उभाच राहिला. माझ्या शिक्षणावर गावातून बरंच बोललं गेलं. गणपतीत आरतीला गेले तर प्रसाद देणारी बाई म्हणाली, घ्या, लाडू पडत नाय.

पुढचं मात्र मला कुणी आधी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. बोर्डाने थांबले नाहीत, भिंतीने थांबले नाहीत, ते लोक हळूहळू आईकडे बघून थांबू लागले. आधी बायका. त्या म्हणू लागल्या, म्याडमची आय काय येडी हाय काय? हातातलं शाळेचं काम सोडलं पन साकवावर पाय नाय ठेवला, म्हंजे काहीतरी असंल. पाणी जास्त असेल त्या दिवशी बायका वळशाने जाऊ लागल्या, नाहीतर जाणंच टाळू लागल्या. मग सासवा सुनांना अडवू लागल्या. आईने कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता. ती फक्त घरी बसली होती. लोक तिच्या पायांवर नजर ठेवून होते.

यावरून गावात दोन तट पडले. पावसाळा सरल्यावर काकांनी ऑफिसात अर्ज केला. डेप्युटी साहेबांनी तो मला समोर बसवून वाचून दाखवला. अभियंता मॅडम यांच्या मातोश्री स्वतः साकवावरून जात नसल्याने पाड्यात घबराट पसरली असून, तरी साकव चांगला आहे की वाईट याचा एकदाचा निकाल लावावा, असं त्यात होतं. साहेबांना हसू आवरेना. मग चष्मा पुसून ते गंभीर झाले. म्हणाले, निकाल लावावाच लागेल. तुम्ही त्या गावच्या, तुमच्याकडे हे काम नको. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली, दुरुस्ती दुसऱ्या जेईकडे दिली. मला काही विचारलं गेलं नाही आणि नियमाप्रमाणे तेच योग्य होतं.

उन्हाळ्यात दुरुस्ती झाली. स्लॅबला खालून गिलावा, कठड्याला रंग, आणि मधल्या खांबाभोवती काँक्रीटचा जाड वेढा. अहवाल आला की पायी वापरास हरकत नाही. म्हणजे वाहतूक बंद, माणसं चालू. काकांनी जे पहिल्या दिवसापासून वाचलं होतं, तेच आता शिक्क्यासकट मिळालं.

मी सुट्टीच्या दिवशी खांबापाशी गेले. ठोकून बघितलं. आवाज भरीव होता. हात घालायला कुठे जागा नव्हती. मला खरंच हलकं वाटलं. आपण चुकलो असू तर चुकलो, आई शाळेत जाईल, एवढंच मनात आलं. तिथून वहिनीकडे चहाला गेले तर तिच्या चुलीवर चिंबोऱ्यांचा रस्सा रटरटत होता. मी सहज विचारलं, कुठून आणल्या. ती म्हणाली, खांबाखालच्या, दुसऱ्या कुठल्या एवढ्या मोठ्या असतात. आता फक्त वरच्या अंगाने हात घालावा लागतो, ह्या बाजूने तुमच्या लोकांनी बुजवलं ना.

मी चहा तसाच ठेवून परत नदीवर गेले. वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, वेढ्याच्या खाली वाळू साठली होती. मी ती हाताने उकरली. थोडी उकरल्यावर खाली पोकळी लागली. ती किती आत जाते, पूर्वीइतकी आहे की कमी, हे मला सांगता येणार नाही, कारण काँक्रीटच्या कडेमुळे हात पूर्वीसारखा आत जाईना. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मोजमाप आहे का. नव्हतं. ते म्हणाले, मॅडम, चिंबोरी कुठल्याही फटीत राहते. तिच्यावरून अहवाल बदलता येत नाही. नवीन पुलाचा प्रस्ताव पाठवलाय, मंजुरीला वेळ लागणार. तोवर त्या लोकांनी काय उडत जायचं?

मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. शाळा सुरू झाली की भिंत काढून साकव रीतसर खुला करायचा होता. नारळ फोडायचा, आणि सगळ्यांत आधी माझ्या आईने चालत यायचं. गावाचीच तशी मागणी होती. त्या आल्या की लोकांचा संशय फिटेल, साहेब म्हणाले, तुमच्यावरचं बोलणंही थांबेल. मुख्याध्यापकांनीही निरोप पाठवला होता. जी बाई खिचडी करत होती ती आटगावच्या गोडाउनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागली होती. आई येत असेल तर तिची जागा तिला होती. पण रोज वेळेवर यायला हवं, म्हणजे साकवावरूनच.

मी आईला यातलं काही सांगितलं नाही. सांगायला फोन हातात घेई आणि ठेवून देई. पण तिला सगळं आधीच कळलं होतं. काकांनी घरी जाऊन सांगितलं होतं, मुख्याध्यापकांनी फोन केला होता.

त्या दिवशी सकाळपासून रिपरिप होती. नदी भरून वाहत होती, पूर म्हणावा एवढी नाही, पण तळ दिसत नव्हता. अलीकडच्या काठावर साहेब, मी, मुख्याध्यापक, गावची मंडळी आणि शाळेची मुलं. मुलांना त्यांची आजी येणार म्हणून आणलं होतं. पलीकडे पाडा गोळा झालेला. आदल्या दिवशीच भिंत काढली होती. साहेबांनी नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. आणि पलीकडच्या गर्दीतून आई पुढे आली. ट्रंकेतली साडी नेसली होती. केसांना तेल लावलेलं, हातात पिशवी. त्या पिशवीत खिचडी वाढायचा तिचा मोठा डाव होता हे मला माहीत होतं, शाळेचा डाव तिला कधी आवडला नाही.

ती साकवाच्या तोंडाशी आली, पाय उचलला आणि थांबली. साहेब हात वर करून या, या म्हणत होते. मुलं आजी आजी ओरडत होती. तिने साहेबांकडे बघितलं नाही. डोळ्यांवर हात धरून ती गर्दीत मला शोधत होती. मी साहेबांच्या मागे उभी होते, तशी एक पाऊल बाजूला झाले. तिला मी दिसले.

“येऊ का गो?” तिने विचारलं.

पाण्याच्या आवाजातूनही ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेब माझ्याकडे वळले. काका माझ्याकडे बघत होते. मला तेव्हा काय काय आठवलं ते खोटं कशाला सांगू, काहीही आठवलं नाही. मला फक्त ती साडी दिसत होती आणि तिच्या पायाखाली सुरू होणारा स्लॅब. अहवाल बरोबर असेल. तज्ज्ञ माझ्यापेक्षा शिकलेला होता. मी हो म्हटलं असतं तर बहुतेक ती माझ्यापर्यंत व्यवस्थित आली असती. मी मान हलवली. मग तिला ते नीट दिसलं नसेल असं वाटून हात वर केला.

“नको येऊ,” मी म्हटलं.

ती मागे फिरली. घाईने नाही, रागानेही नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाली आणि पाड्याच्या वाटेला लागली. नंतर कळलं की ती म्हणाली होती, “ती नको म्हनते.” तिच्या मागून पाड्यातल्या बऱ्याच बायाही गेल्या. मुलांना काय झालं ते समजेना. साहेब माझ्यावर रागावले नाहीत. गाडीत बसताना फक्त म्हणाले, मॅडम, हे तुम्ही लेखी द्यायला हवं होतं, असं हाताने नाही.

ते मग लेखी विचारलं गेलं. खात्याच्या अहवालाच्या विरोधात जनतेसमोर कृती का केली, खुलासा करा. मी खुलासा दिला. माझी बदली झाली, फार लांब नाही, तालुका बदलला एवढंच. शाळेने दुसरी बाई बघितली. आईने डाव स्वयंपाकघरात खुंटीला लावला, घरातल्या घरात एवढ्या मोठ्या डावाचा उपयोग नसतो. मी तिच्याकडे गेले की ती जेवलीस का विचारते, नोकरीचं विचारते, शाळेचं काढत नाही. शाळेची घंटा वाऱ्याबरोबर पाड्यात ऐकू येते. तेव्हा ती हातातलं काम जरा थांबवते आणि पुन्हा सुरू करते.

साकव अजून उभा आहे. यंदाच्या पावसातही उभा राहिला. नवीन पुलाची मंजुरी आलेली नाही. लोक जातात, काही जात नाहीत, कुठल्या घरातले जातात आणि कुठल्या घरातले नाही हे आता सोयरीक जमवतानाही बोललं जातं म्हणे. मी जोराचा पाऊस झाला की अजूनही फोन करते, आणि पडला का हे विचारायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून पाणी किती आहे ते विचारते. काका भेटले की हटकून विचारतात, अजून कसा नाय पडला गो तुझा साकव. मुख्याध्यापकांनी विचारलं, ऑफिसातल्या लोकांनी विचारलं, वहिनीने विचारलं. माझ्या नवऱ्यानेही एकदा जेवताना विचारलं. आईने आजवर एकदाही विचारलेलं नाही.